नंतर कळवायचं नाव

तुम्ही क्लबवाले माणूस विकता ते विकता, वर त्याचं नाव घ्यायची तसदीही घेत नाही. हा तुमचा गुन्हा. विकल्याबद्दल कोण रडतंय? बेसबॉलमध्ये उतरला तो बाजारात उतरला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण नेब्रास्कातल्या गुरांच्या बाजारातसुद्धा घेणारा खाली वाळूत उतरतो, वासराच्या पाठीवरून हात फिरवतो, जबडा उघडून दात बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि मग बोट दाखवून म्हणतो, हे. हे पाहिजे मला. तुम्ही बोटसुद्धा दाखवलं नाहीत. थंडगार खोलीत काचेच्या मागे बसलात, एकमेकांना फोन केलेत, आणि एक जिता माणूस तुमच्या तोंडातून असा गेला, जसा जेवताना दातातला तंतू जातो. कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

लॉनी ह्रुस्का यातलं काही मोठ्यानं बोलला नाही. सकाळची वेळ होती, एल्डन शहरातलं नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान होतं, आणि समोरच्या कपडे सुकवायच्या यंत्राच्या गोल काचेमागे त्याच्या पांढऱ्या विजारी एकमेकींच्या अंगावर पडत फिरत होत्या. साठीला टेकलेला माणूस, खालच्या दर्जाच्या एका संघात पोरांना चेंडू फेकायला शिकवतो, म्हणजे पिचर घडवतो, मोटेलात राहतो, आपले कपडे आपण धुतो. गरम सुताचा वास त्याला आवडायचा. त्या वासात उभं राहिलं की आपण कुणाच्या तरी घरात आहोत असं वाटे. त्याच वासात त्याच्या खिशातला फोन थरथरला होता, आणि आता फोन बंद झाल्यावरही मांडीला ती थरथर जाणवत होती.

"लॉनी, मी प्रेस्टन बोलतोय," संघ ज्या मोठ्या क्लबाचा होता तिथल्या ऑफिसातला तो पोरगा म्हणाला होता. चांगला पोरगा, अदबीनं बोलणारा; म्हणूनच लॉनीला त्याच्यावर धड चिडताही येत नसे. "सौदा जवळजवळ ठरलाय. किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या क्लबाचा म्हातारा फटकेबाज आपल्याला मिळतोय. बदल्यात एक कोवळा पिचर जाईल. नोलँड किंवा बाएस."

"दोघांतला त्यांना कोण हवाय?"

"कुणीही चालेल. आकड्यांत दोघांत एकोणीस-वीसचा फरक आहे. म्हणून म्हटलं, रोज बघणाऱ्या माणसाला विचारावं. कुठला गेला तर आपल्याला कमी दुखेल?"

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

प्रेस्टन हसला. "तुम्ही पण ना लॉनी! आज संध्याकाळी या मोसमाचा बाजार बंद होतो. आजचा सामना संपायच्या आत सांगा. आणि पोरांना कळू देऊ नका."

कमी दुखेल. यंत्र थांबलं तरी लॉनी तिथंच उभा होता. एका बाईनं मागून विचारलं, "काका, झालं का तुमचं?" तेव्हा त्यानं विजारी बाहेर काढल्या. त्या इतक्या गरम होत्या की छातीशी धरल्यावर कुणीतरी मिठी मारल्यासारखं झालं, आणि त्याला कॅरल आठवली, कारण कुठलीही ऊब आली की त्याला कॅरल आठवे, ती आता दुसऱ्याच माणसाच्या घरात राहते हे माहीत असूनही. पस्तीसेक वर्षांमागं तो चोविशीत होता आणि कॅन्ससमधल्या एका संघात चेंडू फेकत होता. ऑगस्टमध्ये त्याच्या क्लबानं एक सौदा केला. वर्तमानपत्रात छापून आलं: एक कॅचर मिळाला, त्याच्या बदल्यात एक पिचर गेला, आणि एक 'नंतर कळवायचं नाव'. बेसबॉलमध्ये ही रीतच आहे. सौदा आज होतो, हात आज मिळवले जातात, पण देणं पुरं करायला आणखी एक माणूस लागतो, आणि तो कुठला हे पुढं कधीतरी सवडीनं ठरतं. दोन क्लबांच्या मध्ये चार-पाच नावांची कुजबुज असते. ज्यांची नावं असतात त्यांना काही ठाऊक नसतं. ती बातमी लॉनीनं बसमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. "हा कोण रे नशीबवान? बिचाऱ्याला बारशाच्या आधीच विकला!" सगळी बस हसली होती. लॉनी सगळ्यांत जास्त हसला होता.

मग मोसम संपल्यावर तो घरी गेला आणि त्यानं कॅरलशी लग्न केलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. कॅरलनं स्वयंपाकघराला हिरवा रंग दिला. रंग तिच्या भुवईला लागला तो आठवडाभर गेला नाही, आणि लॉनीला तो जाऊ नये असं वाटत होतं. घरमालकीण म्हणाली, मागच्या पट्टीत काय हवं ते लावा, म्हणून ऐन थंडीच्या तोंडावर दोघांनी गुडघ्यांवर बसून ट्यूलिपचे कांदे पुरले. वसंतात येतील, कॅरल म्हणाली. लाल येतील की पिवळे, दुकानदाराला धड माहीत नव्हतं. ते कांदे पुरत होता तेव्हा लॉनी विकला गेलेला होता. हिरव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा अंडी तळली तेव्हा विकला गेलेला होता. रात्री कॅरलच्या मानेवर ओठ टेकून 'आता इथंच राहू' म्हणाला, तेव्हाही. वाक्य त्याचं होतं, तोंड दुसऱ्याच्या मालकीचं होतं. डिसेंबरात फोन आला: ते नाव तुझं. बर्फ पडत होतं. गाडीत सामान भरून निघाले तेव्हा त्यानं विचारलं होतं, "कॅरल, मला मागितलं असेल का गं कुणी? की यांनीच टाकलं?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मागितलंच असेल की रे. उगीच कोण कुणाला नेतं?" लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली. ते ट्यूलिप लाल आले की पिवळे, त्याला आजवर कळलं नाही.

नव्या क्लबात त्यानं वरच्या साहेबाला विचारलंही होतं. टोपी हातात घेऊन. "साहेब, माझं नाव कुणी घेतलं?" साहेबानं मान वर न करता सांगितलं, "जा पोरा, मैदानाला चक्कर मार." त्यानं चक्कर मारली. पुढं कोपर गेलं, कॅरल गेली, गावं बदलत गेली. ती चक्कर मात्र अजून संपलेली नाही, असं त्याला कधीकधी वाटे.

मैदानावर पोचला तेव्हा ऊन चढलं होतं आणि नदीपलीकडच्या मक्याच्या गिरणीचा गोडसर, भाजका वास गवतावर बसला होता. दोघंही कुंपणाजवळ हात मोकळे करत होते. वेड नोलँड, जॉर्जियाच्या पीचच्या बागांतला पोर, उंच, भुवया नसल्यासारख्या वाटाव्यात इतक्या पिवळ्या केसांचा. त्याचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात लाकडी फळी मोडावी तसा वाजे. त्या आवाजानं पोरं मागं वळून बघत. कधी तो चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून जाऊन मागच्या जाळीत अडके. पण तेही लोकांना आवडे, दांडग्या घोड्याची लाथ आवडते तसं. आणि एलिएसर बाएस, डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या बानी गावचा, डावखुरा, मध्यम बांध्याचा. त्याच्या चेंडूला आवाजच नव्हता. सगळा हात वेगानं यायचा आणि चेंडू मागं रेंगाळायचा, जत्रेत आईचा हात सोडलेल्या पोरासारखा. फलंदाज आधीच बॅट फिरवून बसायचा. मग चेंडू यायचा. नोलँड फलंदाजाला हरवायचा. बाएस फलंदाजाला स्वतःशीच भांडायला लावायचा. बाद होऊन मागं फिरताना तो फलंदाज पिचरकडे बघत नसे, आपल्याच हाताकडे बघे. लॉनीच्या मते दोघांतला फरक एकोणीस-वीसचा नव्हता, फार मोठा होता. नोलँडचा खांदा पंचविशीत जाईल; बाएस चाळिशीपर्यंत फेकेल. विचारलं तर उत्तर सरळ होतं: नोलँड द्या, बाएसला हात लावू नका.

आणि इथंच सगळी घाण होती. बाएस चांगला आहे म्हणून सांगितलं की बाएस इथंच राहणार, या मक्याच्या वासात, बसच्या मागच्या बाकावर. आणि नोलँड कमी आहे म्हणून सांगितलं की नोलँड किनाऱ्यावरच्या मोठ्या क्लबात जाणार. तुम्ही अशी तागडी केलीत की ज्याला जड म्हणावं तोच खाली बसतो. त्यात नोलँडला जायचं नव्हतं. "मला विकलं ना कोच, तर मी सरळ घरी जाऊन पीच तोडीन," तो मघाशीच म्हणाला होता, कारण आज बाजाराचा शेवटचा दिवस हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एलिएसरचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो जाळीमागे बघत होता. तिथं परक्या क्लबांची माणसं गवती हॅट घालून बसली होती, हातात वेग मोजायची यंत्रं, पिस्तुलासारखी. नोलँड फेकत होता तेव्हा ती सगळी पिस्तुलं वर होती. एलिएसरची पाळी आली तशी एकेक खाली गेली. एकानं शेंगदाण्याची पिशवी फोडली.

"कोच," एलिएसर म्हणाला, "माझ्या वेळेला ते खातात."

"भूक लागली असेल."

"रोजच लागते त्यांना. माझ्याच वेळेला."

तो हसला, पण ती नजर लॉनीला ओळखीची होती. दुकानाच्या काचेतून आत बघणाऱ्याची ती नजर असते. विकत घ्यायला आलेल्याची नव्हे. कुणीतरी आपल्याला विकत घ्यावं म्हणून आलेल्याची.

सामना सुरू झाला. आज पाळी एलिएसरची होती. पहिला डाव त्यानं असा टाकला की लॉनीच्या जुन्या, मेलेल्या कोपरात गोड कळ आली. दुसऱ्या डावात मात्र एक चेंडू वर राहिला, मग आणखी एक. लॉनीनं डोळे बारीक केले. पोराच्या विजारीवर, डाव्या मांडीपाशी, तांबडी रेघ होती. फेकल्यावर दर वेळेला तो बोट तिथं पुसत होता. मधल्या बोटाचं नख तडकलं होतं आणि पठ्ठ्या ते लपवत होता. पिचरांची ही जातच तशी, नख उपटून पडेल पण सांगणार नाहीत. आज तर नाहीच, जाळीमागे हॅटवाले बसलेले असताना. लॉनी शेजारच्या पेटिबोनला म्हणाला, "पोराला काढ. आत्ताच्या आत्ता. आणखी एकही चेंडू टाकू देऊ नकोस."

मॅनेजर पेटिबोन या धंद्यात म्हातारा झाला होता. त्यानं लॉनीच्या तोंडाकडे पाहिलं, सकाळपासून लॉनी फोनला हात लावत होता ते त्यानं पाहिलं होतं, आणि तो नुसता म्हणाला, "अच्छा." मग सावकाश चालत, पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर गेला, पोराच्या हातातून चेंडू घेतला, आणि पोराला छातीशी धरलं.

लॉनी उठून उभा राहिला. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाजाराच्या शेवटच्या दिवशी पिचरला मध्येच काढलं, दुखापत दिसत नाही, आणि मॅनेजर मिठी मारतो, याचा अर्थ या मैदानांवर एकच होतो. विकल्या गेलेल्या पोराला कुणी आणखी फेकू देत नाही. माल वाटेत फुटायला नको. उंचवट्याभोवतीची पोरं धावली. एकानं मिठी मारली, दुसऱ्यानं टोपी उडवली. डगआउटमधल्या बाकावरची सगळी रांग उठली.

"सुटलास रे लेका या नरकातून!"

"कुठं? कुणाकडं?"

"आधी माझा टॉवेल परत दे, चोरा!"

"समुद्र असला तर वास पाठव रे थोडा, या मक्यानं नाक कुजलं माझं."

नोलँडनं त्याला उचललंच. दोघं एकाच खोलीत जमिनीवर गाद्या टाकून राहत होते, नोलँड त्याला इंग्रजी शिव्या शिकवत होता आणि तो नोलँडला भात. "मला न सांगता चाललास, हरामखोरा," नोलँड म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. एलिएसर त्याच्या खांद्यावरून लॉनीकडे बघत होता. चेहरा सगळा ओला. लॉनीनं तोंड उघडलं होतं. नखासाठी काढलं रे, नखासाठी, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं आयुष्यात एकदाच, गाडीच्या आरशात, कॅरल 'मागितलंच असेल' म्हणाली तेव्हा अर्धा क्षण स्वतःच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. मागितलं जाण्याचं ऊन. त्याच्यावर हात ठेवून ते झाकायचं म्हणजे माणूस मारायचाच प्रकार. लॉनीनं तोंड मिटलं. एलिएसर जिन्यानं खाली, कपड्यांच्या खोलीकडे गेला, मूठ मिटलेली, आत रक्त.

पेटिबोन येऊन बसला. "मला आधी कानात तरी सांगायचंस. कुणी घेतला?"

"कुणी नाही. त्याचं नख तडकलंय."

पेटिबोननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "लॉनी, मी त्याला म्हटलं, अभिमान वाटतो तुझा, म्हणून."

"दिसलं मला."

"मी असं कुणाला म्हणत नाही रे."

लॉनी खाली गेला. बोळात दमट सिमेंटचा आणि दुखऱ्या हातांना चोळायच्या मलमाचा वास. दार अर्धं उघडं होतं. एलिएसर बाकावर बसून आईशी फोनवर बोलत होता. बानीत ती आंबे विकते, आणि फोन तिचा एकटीचा नव्हता, पलीकडून सगळी गल्लीच ऐकू येत होती, कोंबड्यासकट. एवढ्या वर्षांत लॉनीला त्यांची भाषा जेवणापुरती यायला लागली होती. "मागितलं मला, आई," पोरगा म्हणत होता. "नाही, टाकलं नाही. मागितलं. नाव घेऊन मागितलं." पलीकडे कुणीतरी भांडं वाजवायला लागलं.

नाव घेऊन. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच घातलं होतं, फाटक्या विजारीला घरी ठिगळ लावतात तसं. लॉनी ओलसर भिंतीला टेकला. आता प्रेस्टनला काय सांगायचं? बाएस द्या म्हणावं, तर पोराचं स्वप्न खरं होईल; पण ते खरं करण्यासाठी लॉनीला म्हणावं लागेल, हा गेला तर कमी दुखेल. ज्याच्या चेंडूनं त्याचं मेलेलं कोपर जागं केलं त्याच्याबद्दल हे म्हणावं लागेल, आणि ते वाक्य पोराच्या मागं जन्मभर चालत राहील, त्याला कधी ऐकू न येता. खरं बोलावं, तर आत जाऊन सांगावं लागेल: बाळ, बॅग उघड, तुला कुणी मागितलेलं नाही, तुझं नख तुटलंय. गल्लीतलं भांडं थांबेल. दोन्हीकडे एकच खड्डा. आणि तो खड्डा लॉनीनं खणलेला नव्हता. मग रडायचं त्यानं का?

हातात फोन थरथरला. "लॉनी, वेळ झाली," प्रेस्टन म्हणाला. "सांगा. कुठला?"

"प्रेस्टन, आधी तू सांग. त्या क्लबातल्या कुणी यांची नावं घेतली होती?"

"नावं? नाही, ती आपणच सुचवली. ते म्हणाले, एखादा तरुण पिचर द्या. का?"

एखादा. लॉनीला हसू आलं. बसमध्ये आलं होतं तेच हसू, एवढी वर्षं छातीत कुठंतरी अडकून राहिलेलं.

"त्यांच्यातल्या एकानं तरी बाएसला फेकताना डोळ्यांनी बघितलंय?"

"लॉनी, चित्रफिती असतात ना. आता हे सगळं असं चालत नाही—"

"असं कधीच चालत नव्हतं, बाबा. मलाच विकलं होतं असं. तू जन्मलाही नव्हतास. मी कांदे पुरत होतो."

"काय पुरत होतात?"

दार उघडलं. एलिएसर उभा होता, खांद्यावर बॅग, बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून गळ्यात अडकवलेल्या, दुसऱ्या हातात अजून चालू असलेला फोन. "कोच," तो म्हणाला, "कुठं जायचंय मला? आई विचारतेय." आणि त्याच्या हातातून, समुद्रापलीकडून, बारीक आवाजात ती विचारतच होती, कुणी रे? कुणी मागितलं?

लॉनीनं त्याची मिटलेली मूठ आपल्या हातात घेतली. बोटं उघडून बघितलं. नख मधोमध चिरलं होतं, रक्त वाळून काळं पडलं होतं. हात गरम होता, यंत्रातून नुकत्याच काढलेल्या कपड्यासारखा. पोरगाही त्या नखाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं ऊन हलायला लागलं होतं. लॉनीनं ती बोटं सोडली नाहीत.

"प्रेस्टन, ऐक. कमी दुखणारा इथं कुणी नाही. तुला नाव हवंय ना? मी देणार नाही. तू त्यांना फोन लाव आणि सांग, या, खाली उतरा, बघा, आणि बोट दाखवा. बोट दाखवता येत नसेल तर नेऊ नका."

"लॉनी, बाजार बंद होतोय, असं काय करताय—"

"बंद होऊ दे. इथं एक पोरगा दारात उभा आहे, त्याची आई फोनवर आहे, तिच्यामागं सगळं गाव आहे, आणि सगळे एकच विचारतायत. मी पण तेच विचारतोय, तेव्हापासून. मैदानाला चक्कर मार म्हणू नकोस, आता माझ्यानं पळवत नाही. फोन मी ठेवत नाही. विचार त्यांना, आणि जमलं तर मला विकलं त्या वेळच्यांनाही विचार, जे कोणी जिवंत असतील त्यांना: तुम्हाला कोण हवं होतं? नाव घेऊन सांगा. कोण?"